मैनाचं दावं आणि हौदातली कुंकी

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. नुसता दोर नव्हे, मी मैनाचं दावं आहे. दावं म्हणजे जनावर बांधायचा दोर. तुमच्यातल्या पुष्कळांच्या दारात आता जनावर नसेल, म्हणून आधीच सांगितलं.

शिरोळच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून हंबीररावांचं घर आहे. त्या घरामागच्या गोठ्यात, गव्हाणीच्या वरच्या खुंटीला मी टांगलेला असतो. आज मला पाहिलंत तर दोर म्हणून ओळखणार नाही. माझा पीळ गेला आहे. मला गाठ बसत नाही. न विंचरलेल्या केसांचा झुपका लोंबावा तसा मी दिसतो. हे कसं झालं ते सांगतो. ते सांगताना माझा एक दोषही सांगावा लागेल, कारण तो लपवला तर सगळी गोष्ट खोटी होईल. मी फार मत्सरी आहे.

माझा जन्म आजऱ्याकडचा. आमच्या शिरोळ भागात दावी घायपाताची असतात. मी मात्र नारळाच्या काथ्याचा. हंबीररावांची बायको बाळाबाई, तिचं माहेर आजऱ्याजवळ. तिचा भाऊ ज्ञानू याने घाटाखालून काथ्या आणला, भिजवला, बडवला आणि मांडीवर वळत वळत तीन पदरांचा मला तयार केला. हातभर वळून झालं की तो थांबायचा आणि सगळं अंग टाकून मला ओढून बघायचा. बहिणीच्या घरी दूधदुभतं असावं म्हणून तो तिला एक म्हशीची रेडी देणार होता, आणि मी त्या रेडीसाठी होतो.

रेडीचं नाव मैना. ती आणि मी एकाच टेंपोतून शिरोळला आलो. उतरल्या उतरल्या बाळाबाईने मला बोटांनी चाचपलं आणि जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी आणून मैनाच्या मानेपाशी मला गुंडाळली.

ज्ञानू हसला. "अगं अक्का, म्हशीची कातडी हाय ती."

"असंल की. पर टोचायचं ते टोचतंयच," बाळाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून मी मैनाचा झालो. तिची मान माझ्यात आणि माझं दुसरं टोक खुंट्याला. ती रवंथ करायला लागली की तिच्या गळ्याची हालचाल मला कळायची. धारेची वेळ झाली की ती मला तीनदा हिसका द्यायची, मग बाळाबाई घरातून "आले गं" म्हणायची. मला तेव्हापासूनच वाटायचं की मैनाच्या गळ्यात माझ्याशिवाय दुसरं काही असू नये. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या जनावरांच्या सणाला, तिच्या गळ्यात घुंगरू बांधत. लोक घुंगराकडे बघत आणि मला राग येई. वाजतं ते म्हणून लोक बघतात, धरून कोण ठेवतं ते कुणी बघत नाही, असं मला वाटे. बेंदराला सगळ्या घरांत नवी दावी येतात आणि जुनी चुलीत जातात. बाळाबाईने मात्र मला कधी बदललं नाही. "भावानं वळलंय," एवढंच ती म्हणायची.

मग एकोणीस सालचा महापूर आला. दुपारी पाणी उसात होतं, दिवस मावळायच्या आत ते गोठ्यात आलं. माणसं आधीच शाळेवर गेली होती. हंबीरराव छातीएवढ्या पाण्यातून परत आले, मैनाला सोडलं आणि माझं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. वाटेत ओढ्यापाशी मैनाचे पाय सुटले. ती वाहायला लागली आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला. एका बाजूला म्हैस, एका बाजूला माणूस. माझ्या तीन पदरांतला एक करकरला. पण मी तुटलो नाही. ज्ञानूने हातभर हातभर ओढून पाहिलं होतं ते त्या दिवशी कामाला आलं. हंबीररावांनी बाभळीला धरलं, मी दोघांना धरलं, आणि आम्ही तिघं सडकेवर चढलो.

पाणी उतरल्यावर बाळाबाईने मला हळदकुंकू लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला हंबीरराव सांगत, "ह्या दाव्यानं म्हस राखली आन् मला बी." मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. शेजारच्या शालूबाई मला बघायला म्हणून गोठ्यात आल्या होत्या.

पण दिवस राहत नाहीत. बाळाबाईची बोटं सांध्यांत सुजायला लागली. धार काढणं होईना. त्यांचा मुलगा ऋतुराज साखर कारखान्यात पाळीवर जातो, त्याला वेळ नाही. तीन वर्षं रेटून शेवटी मैना विकायची ठरली.

आमच्याकडे एक रीत आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं घेणाऱ्याला देत नाहीत. दावं घरात राहिलं म्हणजे गोठा मोकळा पडत नाही, पुन्हा जनावर येतं, असं मानतात. ही रीत मला कुणी सांगितलेली नव्हती. घेणारा आला, त्याने निळा नायलॉनचा दोर आणला होता. चकचकीत, गुळगुळीत, अंगाला वास नाही. बाळाबाईने मला मैनाच्या गळ्यातून काढलं आणि तो निळा तिच्या गळ्यात गेला. मैनाने तीनदा हिसका दिला. तो हिसका त्या निळ्याला कळला असेल का, कोण जाणे. मी खुंटीवर राहिलो. मला टाकलं असंच मला वाटलं. त्या निळ्या दोरावर मी किती जळलो हे मी सांगूही शकत नाही. माझ्या चिंधीला मैनाच्या मानेचे चार केस अडकून होते, तेवढ्यावर मी पुढचे महिने काढले.

एकदा उन्हाळ्यात सून पूर्णिमा कोल्हापूरहून आली, हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी. राजारामपुरीत आदर्श नावाच्या माणसाचं शोभेच्या माशांचं दुकान आहे, तिथून तिने तीन मासे आणले होते. कोई म्हणतात त्यांना. मैना जिथे पाणी प्यायची त्या हौदात तिने ते सोडले.

बाळाबाई काठावर वाकून बघत राहिली. "ह्यास्नी दूध न्हाई, श्याण न्हाई. मग पाळायचं कशापाय?"

"बघायला, आत्ती."

"बघायला तुझा सासरा हाय की."

पूर्णिमा खूप हसली. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि गोठ्यात मी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं. मला ते आवडलं नाही. माझ्या गोठ्यात, माझ्या मैनाच्या हौदाशी कुणी हसावं, हेच मला पटत नव्हतं.

त्या तिघांत एक मादी होती. अंग पांढरंशुभ्र आणि डोक्यावर बरोबर मध्ये एक लाल गोल ठिपका. बाळाबाईने तिचं नाव ठेवलं कुंकी. दुसरे दोन केशरी, काळे डाग असलेले.

"ह्यास्नी काय म्हणायचं, आत्ती?"

"नर हायत न्हवं? नराला कोण नाव देतंय. म्हशीला रेडा झाला तर देत्यात काय?"

अडीच वर्षांत ते मासे हाताएवढे झाले. त्यांना कुणी बांधत नव्हतं. त्यांच्याकडून कुणाला काही मिळत नव्हतं. तरी दिवसातून तीनदा त्यांना खायला मिळे, हवेचा पंप बुडबुडे सोडी, आणि येणारा पाहुणा चहा घ्यायच्या आधी हौद बघायला येई. मी खुंटीवरून बघे. पूर्वी बाळाबाई गोठ्यात आली की जाताजाता मला हात लावायची. आता ती सरळ हौदावर जाऊन बसायची, पाण्यात बोट घालायची आणि कुंकी ते बोट तोंडात धरायची. "गुदगुल्या करतीया रांड," असं बाळाबाई कौतुकाने म्हणायची. मैनाला पण ती तसंच म्हणायची. ते ऐकून माझा एकेक धागा पेटायचा.

याच सुमाराला हंबीररावांनी नवा ट्रॅक्टर घेतला आणि तो पावसात उभा राहू नये म्हणून गोठा पाडून तिथे शेड बांधायचं काढलं. विटासुद्धा आणून रचल्या.

पूर्णिमा पदर खोचून त्यांच्यापुढे उभी राहिली. "मामा, मला एक हंगाम द्या. ह्या माशांची पिल्लं मी हितंच करून दाखवतो. ह्या घरात घर तुमचं, रान तुमचं, चूल आत्तींची. माझं म्हणून एवढा हौद हाय."

"आन् न्हाई झाली पिल्लं तर?"

"तर मासं मीच परत देऊन येतो. मग पाडा गोठा."

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "मिरगाच्या आत, पाऊस लागायच्या आधी. त्याच्यापुढं एक दिस न्हाई."

म्हणजे मित्रांनो, पूर्णिमाचं सगळं आता त्या अंड्यांवर आलं. खरं तर माझंही. गोठा पडला तर माझी खुंटी पडणार होती आणि मीही विटांच्या राड्यात जाणार होतो. पण मत्सर असा असतो की आपलं नुकसान दिसत असूनही दुसऱ्याचं व्हावं असं वाटतं. मी मनात म्हटलं, होऊच नयेत पिल्लं.

शिवरात्र झाल्यावर पूर्णिमाने बरोबर माझ्या खाली, गव्हाणीपाशी विटा रचून आत ताडपत्री अंथरली आणि गुडघाभर खोल टाकं केलं. या माशांची अंडी चिकट असतात, ती कशाला तरी चिकटावी लागतात. त्यासाठी तिने दुकानातून हिरव्या नायलॉनचा एक ब्रश आणला, बाटली धुवायचा असतो तसा पण हातभर लांब. पुन्हा नायलॉन. मैना नायलॉनने नेली आणि आता कुंकीची अंडीही नायलॉनलाच मिळणार होती.

ब्रश पाण्यात सोडून तिने तिन्ही मासे हौदातून टाक्यात आणले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी खळबळायला लागलं. दोन्ही नर कुंकीला ढुशा देत टाकंभर पळवत होते. उजाडेपर्यंत हिरव्या ब्रशवर भिजवलेल्या राजगिऱ्यासारखे दाणे चमकायला लागले. पूर्णिमाने तिन्ही मासे टाक्यातून काढून पुन्हा हौदात नेऊन सोडले. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून एक निळं औषध लागतं, ते संपलं होतं. ती कोल्हापूरच्या गाडीला निघाली.

"आत्ती, दुपारच्या गाडीनं परत येतो. अंड्यांना तेवढा हात लावू नका."

"मी कशाला लावतीया," बाळाबाई म्हणाली.

आणि तिने खरंच लावला नाही. पण कुंकी हौदात भिंतीला तोंड घासत होती. मासे घासतात तसं. बाळाबाईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. म्हैस व्याल्यावर रेडकू दूर बांधलं तर ती खुंटा उपटते, हंबरून गाव गोळा करते. बाळाबाईने सगळं आयुष्य म्हशींची बाळंतपणं केली होती. ती कुंकीला म्हणाली, "व्यालेलीला असं तोडत्यात व्हय? थांब बाई." आत जाऊन तिने बाजरीच्या पिठात गूळ कालवून चिंचोक्याएवढी गोळी केली, कारण व्यालेल्या म्हशीला बाजरी आणि गूळ देतात. मग घमेल्यात कुंकीला धरून तिने अंड्यांच्या टाक्यात सोडलं.

कुंकीने गोळी थुंकून टाकली. ती फिरून ब्रशपाशी गेली आणि त्या हिरव्या काड्यांवरून तोंड फिरवायला लागली. खालपासून वर, वरपासून खाली. बाळाबाई पाट घेऊन शेजारी बसली. तिचे डोळे भरून आले होते.

मला वरून नीट दिसत होतं. जिथून तोंड फिरत होतं तिथला राजगिरा नाहीसा होत होता. मला कळलं. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. खा, म्हटलं मी. सगळी खा. मला तोंड असतं तरी मी बाळाबाईला सांगितलं नसतं. हेच माझं वाईटपण.

दुपारी पूर्णिमा आली. औषधाची बाटली हातातच होती.

"आत्ती, कुंकीला हितं कुणी सोडलं?"

"मीच. वरडत हुती बिचारी."

"मासा वरडत न्हाई, आत्ती."

"तुला ऐकू येत न्हाई. तू गेल्यापास्नं भिताडाला तोंड घासत हुती. आता बघ कशी गप हाय. सकाळधरनं लेकरांस्नी चाटतीया."

पूर्णिमाने ब्रश वर काढला. काड्या स्वच्छ होत्या, नुकत्या दुकानातून आणल्यासारख्या.

"चाटली न्हाईत तिनं," ती हळू म्हणाली. "खाल्ली."

बाळाबाई आधी हसली. "आई कुठं खाती व्हय गं?" मग तिने स्वतः त्या काड्यांत बोटं घातली. एकेक काडी बाजूला करून पाहिली. तिच्या सुजलेल्या बोटांना काहीच लागलं नाही. ती ब्रश तसाच मांडीवर घेऊन बसली.

पूर्णिमा ओरडली नाही. ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाई. ह्यांच्यात असंच असतंय, अंडी टाकली की आईबाप काढून घ्यायचं. मी तुम्हाला सांगायला पायजे हुतं. तुम्ही तिला म्हस समजलासा." आणि ती घरात गेली. चूल पेटल्याचा आवाज आला नाही, भांड्यांचा आला नाही.

संध्याकाळी हंबीररावांना कळलं. "आपलीच अंडी खाती? मग त्या कुंकीच्या कपाळावरचं कुंकू पुसा आधी," असं ते म्हणाले. कुणीच हसलं नाही. पण शेडसाठी रचलेल्या विटांना त्यांनी हात लावला नाही, मिरगापर्यंतचा शब्द पाळला.

दोन दिवस बाळाबाई हौदाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी ती आली ती सरळ माझ्यापाशी. किती दिवसांनी तिने मला हातात धरलं. माझ्या हिरव्या चिंधीवरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "माझ्या हातानं घालवलं बघ पोरीचं." दुसऱ्या कुणाला तिने हे म्हटलं नव्हतं. मी ज्या हातासाठी इतकी वर्षं जळत होतो तो हात माझ्यावर होता. मला वाटलं होतं त्या दिवशी मला सुख होईल. झालं नाही. मी "खा" म्हटलं होतं ते मला आठवत राहिलं.

कुंकीला पुन्हा अंडी भरायला दीड-दोन महिने लागतात. उन्हाळा चढला. मिरगाला थोडे दिवस राहिले होते. पूर्णिमाने आदर्शला फोन लावला आणि बाळाबाईलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"ताई, नायलॉनच्या काड्या विरळ असतात," आदर्श सांगत होता. "अंडी वरच्यावर राहतात, मादी घालत असतानाच बाप लोकं निम्मी खातात. जुनी माणसं काथ्याचा झुपका सोडायची. दाट. अंडं आत गेलं की तोंड पोचत न्हाई. पण काथ्या जुना पायजे, नव्याचा रंग सुटतो."

फोन बंद झाला. बाळाबाईने वर माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई आत्ती," पूर्णिमा लगेच म्हणाली. "ते मैनाचं दावं हाय. बाजारात बघतो मी."

"बाजारात जुना काथ्या कोण इकतंय?"

हंबीरराव दारात उभे होते. "दावं मोडायचं? डोकं फिरलं काय तुझं? दावं गेलं की गोठा मोकळा पडतो."

बाळाबाईने मला खुंटीवरून काढलं. "गोठा तर तुमी पाडायला काढलासा. मग दावं कशाला राखायचं? शेडात ट्रॅक्टर बांधायला?"

हंबीरराव म्हणाले, "ज्ञानूनं वळलंय ते." ज्ञानू आदल्या वर्षीच वारला होता.

"म्हाईत हाय मला कुणी वळलंय," बाळाबाई म्हणाली आणि पाट ओढून बसली.

तिने आधी हिरवी चिंधी सोडली. आतले मैनाचे चार केस काढून पदराच्या टोकाला बांधले. मग माझं टोक धरलं आणि ज्ञानूने घातलेला पीळ उलटा फिरवायला सुरुवात केली. मित्रांनो, दोराचं सगळं बळ पिळात असतं. म्हैस धरली ती त्या पिळाने, माणूस धरला तो त्या पिळाने. तो हातभर हातभर जात होता. मी कधी भ्यालो नव्हतो, त्या दुपारी भ्यालो. पुरात करकरलेला पदर आला तेव्हा तिने तो जरा वेळ हातात धरून ठेवला, मग तोही सोडवला. तिची बोटं दुखत होती. पूर्णिमा म्हणाली, "द्या, मी करतो." बाळाबाईने दिलं नाही.

मग त्यांनी मला मोठ्या पातेल्यात तीनदा उकळलं. पहिलं पाणी चहासारखं निघालं, त्यात मैनाच्या अंगाचा वास होता. तिसरं पाणी स्वच्छ निघालं. आता मी ना दोर होतो ना दावं. काठीला बांधलेला एक झुपका होतो. पूर्णिमाने मला टाक्याच्या एका बाजूला सोडलं आणि जागा होती म्हणून दुसऱ्या बाजूला तो हिरवा ब्रशही सोडला, मग तिन्ही मासे टाक्यात आणले.

माझा मत्सर उकळून गेला असेल असं तुम्हाला वाटेल. गेला नव्हता. सगळी रात्र मी पाण्यात लोंबत एवढाच विचार करत होतो की उद्या कुंकी कुणाकडे जाते. मैनाला निळ्याने नेलं, मागची अंडी हिरव्याने नेली. आता पीळही नाही, आता ही पण तिकडे गेली तर माझं काय राहिलं?

पहाटे खळबळ सुरू झाली. कुंकी आधी ब्रशकडे गेली. काड्या टोचल्या असाव्यात, ती सर्रकन वळली. मग पूर्ण वेगाने माझ्यात शिरली. माझे सगळे धागे तिच्या अंगाभोवती पसरले आणि मिटले. तिच्यामागून ते दोन बिननावाचे. मला हिसका बसला, एकदा, दोनदा, तीनदा. किती वर्षांनी.

अंडी माझ्या आतपर्यंत गेली. बापांनी तोंड घालून पाहिलं, पण त्यांच्या तोंडाला नुसता काथ्या लागला. मी आयुष्यभर गाठीने धरत आलो होतो. आता गाठ नव्हती, पीळ नव्हता, आणि तरी ते बारीक दाणे माझ्याकडून निसटत नव्हते.

या खेपेला बाळाबाईनेच घमेलं आणलं आणि सगळ्यांत आधी कुंकीला बाहेर काढलं. "चल बाई. तुझं काम झालं. तू मोठी आईची जात," असं तिने तिला सुनावलं. मग पूर्णिमाला औषध टाकायला लावलं आणि स्वतः पाटावर राखण बसली. शालूबाई बघायला आल्या, टाक्यात वाकल्या.

"लांब, लांब. पदर बुडंल," बाळाबाई म्हणाली.

"आवं, मी काय अंडी खातीया व्हय?"

"त्या कुंकीला बी मी आधी इचारलं न्हवतं."

तिसऱ्या दिवशी माझ्या अंगावर हालचाल झाली. सुईच्या टोकाएवढी पिल्लं, दोन डोळे आणि एक रेघ. ती लगेच पोहत नाहीत. दोन दिवस ती धाग्याला डोकं चिकटवून लोंबत राहतात. त्या दोन दिवसांत मला कुणाचा मत्सर वाटला नाही. माझ्या एकेका धाग्याला एकेक जीव बांधलेला होता, आणि बांधणारा कुणी नव्हता, ती आपणहून धरून होती.

मग एका सकाळी त्यांनी मला सोडलं. एकही मागे वळलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पूर्णिमा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून पिळून त्यांना घालत होती आणि ती त्या ढगात घुसत होती.

हंबीरराव चष्मा लावून आले. "ही तर ओढ्यातली मासोळी दिसतीया. काळीकुट्ट. ह्यात कुंकू कुणाच्या कपाळावर हाय?"

"दम धरा मामा, रंग मागनं येतो," पूर्णिमा म्हणाली.

मिरगाला दोन दिवस होते. त्यांनी बराच वेळ पाण्यात पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडसाठी आणलेल्या विटा गोठ्यात ओढून आणल्या. आता पाडणार असं वाटून पूर्णिमा दारात येऊन उभी राहिली. हंबीरराव गव्हाणीच्या पलीकडे विटा मांडायला लागले.

"एका टाक्यात एवढी पिल्लं घुसमटतील की," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "दुसरं पायजे. बघत काय र्‍हायलीस, भिंत सरळ हाय का बघायला वळंबा आण."

ट्रॅक्टर त्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली राहिला. पिल्लांतली बरीचशी साधीच निघाली, पण काहींच्या अंगावर केशरी चढला, आणि दोघा-तिघांच्या कपाळावर लाल ठिपका उमटला. दिवाळीच्या आधी आदर्श स्वतः गाडी घेऊन पिल्लं न्यायला आला. पिशव्या भरून झाल्यावर त्याने खुंटीवर वाळत घातलेल्या मला पाहिलं.

"मावशी, हा काथ्याचा झुपका पण द्या की. असला जुना कुठं मिळत न्हाई. माझ्याकडं वर्षभर कामाला येईल."

बाळाबाई पिशवीचं तोंड बांधत होती. ती थांबली.

"पावणं, मासं न्या. दावं देत न्हाई आमी."

"दावं? हे दावं हाय?"

"मैनाचं. आता कुंकीचं. जनावर गेलं तरी दावं घरात र्‍हातंय. त्याबिगर परत कोण येणार?"

मी तेव्हा खुंटीवर होतो आणि मला ती सकाळ आठवली, निळा दोर मैनाला घेऊन गेला ती. चार वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी मला टाकलं. टाकलं नव्हतं, राखलं होतं.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. घरात एखादी जुनी वस्तू खुंटीवर टांगलेली असेल तर ती कुणी आणि का ठेवली आहे हे मोठ्या माणसांना विचारा, आणि जाताजाता तिला हात लावा. त्याला काही लागत नाही. आणि तुमचा जीव कुणावर जळत असेल तर आधी बघून घ्या की तुम्हाला खरंच टाकलं आहे का.

पूर्णिमाने काल आणखी एक नायलॉनचा ब्रश आणला आहे. जांभळा. तो माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगला आहे. मी त्याच्याकडे अजून पाहिलेलं नाही.